मुंबईच्या फ्रिजमधलं तीर्थ

बुधवारी संध्याकाळी देवळात तीर्थ वाटता वाटता महिपतबुवांनी भाकीत केलं, "शाळेतली खिचडी देवीला मान्य नाय. शुक्रवारी पोरांची पोटां बिघडतील."

शुक्रवारी सकाळी एकतीस मुलांना जुलाब लागले. दुपारपर्यंत देवळाबाहेर चपला काढायला जागा उरली नाही. संगमेश्वरहूनसुद्धा रिक्षा भरून आल्या.

बुवांनी अंगारा दिला आणि तीन दिवसांत उतार पडेल म्हणून सांगितलं. असले जुलाब बहुधा तीन-चार दिवसांत आपसूक थांबतात, हे देवीलाही ठाऊक असावं. तीस मुलं बरी झाली. एकतिसावी ईशा अंगारा खाऊनही देवरुखला सलाईनवर होती. तिचा हिशोब देवळात कोणी धरला नाही. डॉक्टरांनी मात्र सगळ्यांचे नमुने मुंबईला पाठवले.

खिचडी शिजवायच्या बौद्धवाडीतल्या कमलाकाकी. बारा वर्षं. हात धुतल्याशिवाय त्या कोणाला ताट देत नसत, मलासुद्धा नाही. आता लोक म्हणू लागले, "करणी केलान तिनं." समितीने काकींना महिनाभर घरी बसवलं, महिन्याने कायमचा निकाल लागायचा होता. त्या जागेसाठी बुवांच्या भावजयीचा अर्ज आधीच्याच महिन्यात आला होता. देवी दूरदृष्टीची.

मी या शाळेचा मुख्याध्यापक. फळ्यावर रोज विज्ञाननिष्ठेचा सुविचार लिहिणारा. पण काकींची बाजू घेऊन मी एक अक्षर बोललो नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

काकींची पुतणी करुणा मुंबईत जंतूंवर संशोधन करते. तिचा फोन आला. "गुरुजी, त्या बुधवारी तीर्थ घेऊन मुंबईला कोण गेलं?"

आमच्या गावचा चाकरमानी तीर्थाच्या बाटलीशिवाय परत जात नाही. फ्रिजमध्ये कोलंबीशेजारी ती बाटली राहते आणि घरातल्यांना रोज चमचाभर मिळतं. त्या रात्रीच्या गाडीने आमच्या गावचा एक चाकरमानी, संदेश, बाटली घेऊन गेला होता. शाळेची खिचडी त्याने पाहिलीही नव्हती, तरी घरातली चारही माणसं आडवी झाली होती. तीर्थाने पोट बिघडलं म्हणणार कोण? त्याने दोष वडापावला दिला होता. बाटली अजून फ्रिजमध्येच होती. करुणाने ती तपासायला नेली.

निकालाच्या सभेला करुणा कागद घेऊन आली.

"जंतू वाढतो म्हणजे स्वतःची नक्कल काढतो," ती म्हणाली. "नक्कल काढताना कधीतरी चूक होते. ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते."

हे मला चटकन कळलं. पाच वह्यांत सात आठे चोपन्न आलं, की कोणी कोणाची वही पाहिली हे मला कोणाला विचारावं लागत नाही.

"मुलांच्या पोटातला जंतू आणि संदेशदादांच्या बाटलीतला जंतू, दोघांच्या चुका त्याच. काकींच्या डाळतांदळात, पाण्यात तो सापडलाच नाही. आणि तो कुठल्या विहिरीतलाही नाही. मुंबईतल्या एका कॉलेजात शिकवण्यासाठी बाटलीत जपलेला जंतू आहे, त्याच्याशी चुकीला चूक जुळते."

सभा बुवांकडे वळली. त्याच कॉलेजात बुवा अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुऊन गेल्या वर्षी निवृत्त झाले होते. गावात ते 'कॉलेजातले मोठे सायब' होते.

"काकी हाय ती तुझी," बुवा गरजले. "तू दुसरा काय सांगणार?"

"नमुन्यांवर नावं नव्हती बुवा, नुसते आकडे. आणि तपासणी दुसऱ्यांनी केली."

मागे ईशाची आजी काशी बसली होती. ती उठली. "बुवा, माज्या नातीला तां पानी तुमी पाजलाव. तुमी सोता पिलाव काय?"

"त्या दिवशी माझा उपास होता."

काशीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तीर्थाला उपास कधीपासून आडवा येतो?"

 पुढचे प्रश्न पोलिसांनी विचारले.

मंडळी, उद्या तुमच्याही गावात कोणाचं तरी भाकीत वाराबरहुकूम खरं ठरेल. तेव्हा पायावर डोकं ठेवण्याआधी एवढंच विचारा: याला हे आधी ठाऊक होतं, की यानेच आधी काही करून ठेवलं होतं? आणि ज्याच्यावर बोट दाखवलं जातंय, त्याला घरी बसवण्याआधी पुरावा मागा. आम्ही मागितला नव्हता.

सोमवारी काकी परत आल्या. बरी झालेली ईशा पहिल्या रांगेत बसली. मी तिच्या शेजारी मांडी घातली आणि म्हणालो, "काकी, माझं चुकलं."

त्यांनी ताट मागे घेतलं. "आधी हात धुवा, गुरुजी."