फेऱ्याबाहेर काढलेली काठी

माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं एका कंपायलरवर गेली. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा सूचनांमध्ये उतरवून देणारा दुसरा प्रोग्रॅम. त्यातला लूपचा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या सूचनांचा, भाग माझ्याकडे होता. जे काम पुन्हा पुन्हा होतं आणि दर वेळी ज्याचं उत्तर तेच येतं, ते लूपच्या बाहेर काढून एकदाच करायचं, असं त्या भागाचं काम. तो ते गुपचूप करायचा. मी त्याला बोलायला लावलं. काय बाहेर काढलं, कशाच्या भरवशावर काढलं, आणि काय आतच ठेवलं व का ठेवलं, हे तो छापू लागला.

"मॅडम, केलं ते छापणं समजू शकतो," माझ्याबरोबरचा एक तरुण म्हणाला. "केलं नाही ते कशाला छापायचं?"

त्याला मी दोन-तीन उदाहरणं दाखवली. खरं उत्तर चांद्याचं होतं, आणि ते ऑफिसात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं.

तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. १९५७ साली मी नागपूरहून गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि घरी परतले. जटपुरा गेटाजवळच्या एका बंगल्यात सागवानाच्या मोजणीसाठी तात्पुरती कचेरी उघडली होती, तिथे मला काम मिळालं. मोजणीच्या टोळ्या जंगलात झाडांचे घेर मोजत आणि त्यांचे कागद आमच्याकडे येत. त्यावरून जंगलाच्या प्रत्येक तुकड्यात, म्हणजे कंपार्टमेंटात, किती लाकूड उभं आहे ते आम्ही काढायचं. हिवाळ्यात सकाळी त्या कागदांना धुराचा आणि ओल्या पालापाचोळ्याचा वास येई. अजूनही कुठे शेकोटी पेटली की मला आधी तो गठ्ठा आठवतो.

हिशोबाला एक मशीन होती. हातानं हँडल फिरवायची, काळी, वजनदार. आकडा फार मोठा झाला की तिची घंटी वाजे. मशीनवर अख्तरी बसायची. तिचे वडील जाफरभाई गोल बाजारात घड्याळं दुरुस्त करत. त्यांच्याकडचं पातळ तेल ती काडीच्या टोकानं मशीनच्या दातांना लावायची. हँडल जरा अडलं की म्हणायची, "सर्दी झाली बिचारीले." तिच्याशिवाय कुणी मशीनला हात लावलेला तिला खपत नसे. मॅट्रिक झालेल्या मुलीला चांद्यात तेव्हा अशी दुसरी खुर्ची नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं.

हिशोबाची रीत ठरवायचे गुणवंतराव. वय साठीकडे झुकलेलं, गुडघे गेलेले. तरुणपणी सगळा काळ जंगलात मोजणी करण्यात गेलेला. नागपूरच्या वरच्या कचेरीकडून आलेली मूळ रीत लांबलचक होती. प्रत्येक झाडासाठी सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून करायच्या. गुणवंतराव ती घेऊन बसत, पान खात, आणि काही दिवसांनी तीच रीत अर्ध्या कागदावर लिहून आणत.

"जे फिरत नाई, त्याले फेऱ्यात कायले ठेवाचं?" ते म्हणत. "बाहेर काढाचं, एकदा कराचं, मोकळं व्हाचं."

एका झाडाचा हिशोब म्हणजे एक फेरा, हा त्यांचा शब्द. पण काय बाहेर काढलं आणि का, हे ते कधी लिहीत नसत. विचारलं तर पानाची पिचकारी टाकायला व्हरांड्यात जात.

डिसेंबरात नागपूरहून कागद आला. आमची काही कंपार्टमेंटं त्यांनी लांब रीतीनं करून पाहिली होती आणि एकात आमचं लाकूड बरंच जास्त भरत होतं. बाकीची कंपार्टमेंटं जुळत होती. तेवढं एकच जुळत नव्हतं, आणि मशीनवरचा हात अख्तरीचा होता.

कचेरीच्या साहेबांनी तिला बोलावलं. तिनं मशीनवर पुन्हा सगळं केलं. उत्तर पहिल्यासारखंच आलं.

"चुकणारा हात दोन्ही वेळा तसाच चुकतो," साहेब म्हणाले. "सोमवारपर्यंत चूक शोधा. नाही सापडली तर तुम्ही कागदांच्या नकला उतरवायच्या टेबलावर बसा. मशीनवर दुसऱ्याला बसवू."

बाहेर आल्यावर अख्तरी सरळ आपल्या जागेवर गेली. मशीनवर कापडी खोळ घातली आणि तिच्या नाड्या नीट बांधल्या, जशी रोज संध्याकाळी बांधायची. तेव्हा दुपार होती.

मी गुणवंतरावांकडे गेले. "भाऊ, आखूड रीतीत काय काय बाहेर काढलं, ते सांगा ना. शोधता येईल."

"काऊन? रीत बरोबर हाय. बाकीचे जुळले ना?"

"हे एक नाही जुळलं."

"त मग हिशोब करणाऱ्याचा हात पाह्य. रीतीचा काय दोष त्याच्यात?" आणि ते व्हरांड्यात गेले.

अख्तरीनं दारातून ऐकलं होतं. "बुढा सांगत नाई ना? नको सांगू देऊ," ती म्हणाली. "आपणच लिहू. तू लांब रीत वाच, मी आखूड वाचतो. जे इकडे हाय अन् तिकडे नाई, ते त्यानं काढलं."

शनिवारी कचेरी अर्धा दिवस असे. सगळे गेल्यावर आम्ही दोघी दोन रीती शेजारी शेजारी ठेवून बसलो. जी पायरी फेऱ्यातून गायब झाली होती तिच्यासमोर मी लिहीत गेले: ही बाहेर काढली, कारण अमुक. कारणं आमची आम्हीच शोधत होतो. पहिली काही सोपी होती. एक कोष्टक सगळ्या सागवानाला एकच, म्हणून ते एकदाच पाहिलं. ठीक. एका आकड्याचा दर वेळी तोच भागाकार, म्हणून तो आधीच करून ठेवला. ठीक.

मग काठीची पायरी आली. झाडाचा घेर जमिनीपासून ठरावीक उंचीवर घ्यायचा असतो. खाली घेतला तर तो जास्त भरतो, कारण खोड खाली जाड असतं. टोळीतला मोजणारा एक काठी झाडाला टेकवतो आणि तिच्या टोकाशी टेप गुंडाळतो. काठी ठरल्यापेक्षा आखूड-लांब असेल तर हिशोबात दुरुस्ती करावी लागते. लांब रीतीत ही दुरुस्ती दर झाडाला होती. आखूड रीतीत कागदाच्या पहिल्या ओळीवरून ती एकदाच काढलेली होती.

मी लिहिलं: काठीची दुरुस्ती बाहेर काढली, कारण एका कंपार्टमेंटात काठी एकच असते.

अख्तरीनं ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"असते का?"

मग तिनं त्या कंपार्टमेंटाचे जंगलातले कागद काढले. काठीची लांबी लिहायचा एक बारीक रकाना होता. आखूड रीतीत तो पहिल्या ओळीनंतर कुणी वाचतच नसे. कागदाच्या मध्यावर आकडा बदलला होता, आणि तिथून शेवटपर्यंत तो लहानच होता.

"म्हणजे अर्धं जंगल खालून मोजलं," अख्तरी म्हणाली. मग हसायला लागली, आणि हसता हसताच तिनं ओढणीनं डोळे पुसले.

रविवारी बाजाराला आलेल्या टोळ्या कागद द्यायला कचेरीशी थांबत. आम्हीही गेलो. टोळ्यांच्या काठ्या व्हरांड्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असत. दर आठवड्याला मी त्यांच्यासमोरून गेले होते. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं की त्यांची टोकं एका रेषेत नव्हती. घरात उंचीनं उभी केलेली भावंडं असावीत तशी होती.

बिरजू नावाचा बुटका, काटक माणूस विडी ओढत बसला होता. त्या कंपार्टमेंटात अर्ध्यावर पोचू नावाच्या मोजणाऱ्याची जागा त्यानं घेतली होती.

"पोचू कुठी गेला होता?" अख्तरीनं विचारलं.

"धान कापाले गेला ना, बाई. धान थांबते का कोणासाठी?"

"अन् काठी?"

"काठी त्याची, मले काय कामाची? मले नाकाले लागे ते." बिरजूनं आपली काठी उचलून छातीशी धरली. "गार्डबाबूनं सांगतलं, छातीएवढी काठी पाह्यजे. ही पाह्य, माह्या छातीएवढी. बराबर हाय का नाई?"

बरोबर होती. त्याच्या छातीएवढी अगदी बरोबर होती.

"पोचूच्या छातीले काय करावं मंग," बिरजू म्हणाला, "थो त ताडाएवढा हाय." बाकीचे खोकत खोकत हसले.

टोळीबरोबरच्या जंगल-गार्डनं मात्र आपलं काम केलं होतं. काठी बदलली त्या ओळीला तिची लांबी टेपनं मोजून लिहिली होती.

सोमवारी सकाळी आमचा कागद मी गुणवंतरावांसमोर ठेवला. त्यांनी काठीची ओळ वाचली. मग उठले आणि गुडघ्यावर हात ठेवत व्हरांड्यात गेले, या वेळी पान न खाता. बाजारानंतर टोळ्या मुक्कामी राहिल्या होत्या आणि काठ्या तिथेच होत्या. बराच वेळ ते त्यांच्यासमोर उभे राहिले.

"आमच्या वेळी," परत येऊन ते म्हणाले, "एक टोळी, एक माणूस, एक काठी. धान कापाले जाऊ देत नसे कोणी." खुर्चीत बसले. "लिही, कमळाबाई. बाकीचं मी सांगतो. तुमी पोरीनं निम्मी कारणं उगाच लिवली."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले, अख्तरी बाजूला उभी राहून ऐकत होती. काय काढलं ते झाल्यावर मी विचारलं, "आणि जे काढलं नाही ते? सालीची जाडी तुम्ही दर झाडाला ठेवली. साहेब किती वेळा म्हणाले, काढा म्हणून."

"त्याहिले काय मालूम?" त्यांचा आवाज खाली आला. "उन्हाळ्यात वणवा एका अंगानं येते. त्या अंगाची साल जळून पातळ होते. शेजारच्या झाडाची जाडच्या जाड राह्यते. दोन झाडाची साल सारखी मी तरी पाह्यली नाई." मग ते बराच वेळ त्या उतारांबद्दल, राखेत फुटणाऱ्या कोंबांबद्दल आणि बरोबरच्या मोजणीदारांबद्दल बोलत राहिले. त्यातले बरेचसे आता नाहीत, असं म्हणाले. मी ते लिहिलं नाही. लिहायला हवं होतं असं आता वाटतं.

शेवटी एक पायरी उरली. खोडाच्या वरच्या टोकासाठी करायची एक लहानशी वजाबाकी, तीही त्यांनी फेऱ्यातच ठेवली होती.

"ही का ठेवली, भाऊ?"

त्यांनी चुन्याची डबी उघडली, मिटली.

"ते बदलते का नाई, मले ठाऊक नाई," ते म्हणाले. "म्हणून ठेवली. काढाले भेव वाटला."

मी लेखणी उचलून धरली होती.

"लिही ना. काय पाह्यते?"

"असंच लिहू?"

"मंग कसं लिवशीन? ठाऊक नाई, म्हणून ठेवली."

ते कारणं कधीच का लिहीत नसत ते मला तेव्हा कळलं. लिहिली असती तर ही ओळही लिहावी लागली असती.

तो कागद घेऊन ते स्वतः साहेबांकडे गेले. आम्ही दोघी मागे उभ्या राहिलो. साहेबांनी काठीची ओळ वाचली, जंगलातला कागद पाहिला, पुन्हा ओळ वाचली.

"रीत माह्यी होती, साहेब," गुणवंतराव म्हणाले. "पोरीनं त रीतीत होतं तेच केलं. तिचा हात नाई चुकला."

साहेब खाली वाचत गेले. शेवटच्या ओळीवर थांबले. "कचेरीच्या कागदावर 'ठाऊक नाही'?"

"त्या कागदावर सगळ्यात खरी ओळ थेच हाय."

साहेबांनी कागद अख्तरीकडे दिला. "हे कंपार्टमेंट पुन्हा करा. मशीनवर. नागपूरला आज संध्याकाळच्या टपालानं जायला हवं."

अख्तरीनं खोळीच्या नाड्या सोडल्या. इतक्या घट्ट बांधल्या होत्या की एक दातानं सोडवावी लागली. काडीनं तेलाचा थेंब दिला. जंगलातले कागद डाव्या हाताला ठेवले, आमचा नवा कागद समोर उभा केला. पण हँडलला हात लावला नाही. आधी काठीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खाली नेलं. जिथे आकडा बदलत होता तिथे पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारली.

मग मशीन सुरू झाली. पलीकडच्या खोलीत गुणवंतराव काहीतरी लिहीत होते, आणि पहिली घंटी वाजली तेव्हा त्यांनी मान वर करून पाहिलं.