आधी कोणाकडे

करमाडच्या अलीकडे, जालना रोडला मांजरांचा एक निवारा आहे. अनसूयाबाई रोज सकाळी तिथं जात. व्रतच होतं त्यांचं: मुक्या जिवाच्या मुखी घास गेल्याशिवाय आपण अन्नाला शिवायचं नाही. त्यातही जो जास्त दुखणाईत, त्याचा मान पहिला. पूजा आटोपून, धुवट सोवळं नेसून त्या यायच्या आणि थेट मागच्या, आजारी मांजरांच्या खोलीत शिरायच्या. शेंद्र्याहून आणलेल्या म्हाताऱ्या बोक्याचं नाक-तोंड पदरानं पुसून, त्याला चमच्यानं भरवून झालं, की मग पुढच्या खोलीतली दोन पोरकी पिल्लं. ती त्याच पदरात शिरून गुडुप व्हायची.

मंगळवारी त्यातलं एक गेलं. ओकून ओकून गेलं. उरलेली ठिपकी अजून धड होती, पण खायचं नाव घेईना.

डॉक्टर विशाखानं पिंजरे धुणाऱ्या कडुबाला खोदखोदून विचारलं. मागचा झाडू पुढं आणलास का, भांडी एकत्र केलीस का.

"मी तं चप्पल बी बदलतो, म्याडम," कडुबा म्हणाला. "आता कातडी सोलून ठिवू का?"

विशाखाची नजर तेव्हा अनसूयाबाईंच्या पदरावर गेली. बोक्याच्या नाकाचा ओला डाग होता तिथं. तिनं विचारलं, आणि अनसूयाबाईंनी आपला रोजचा क्रम मोकळेपणानं सांगितला.

"काकू, आधी धडधाकट, मग आजारी. उलटं केलं की दुखणं आपणच पुढं नेतो."

"पण मी सोवळ्यात असते गं."

"बोक्याला शिवलात तिथंच ते मोडलं, काकू. पिल्लांपुरतं तरी मोडलंच."

अनसूयाबाईंनी पदरावरचा तो डाग बघितला. नैवेद्य होईस्तोवर घरात सुनेचा पदरही लागू न देणाऱ्या त्या. दयेनं शिवलेलं विटाळतं, हे मनात कधी आलंच नव्हतं. मग दुखणाइताला आधी भरवणं चुकीचं? आणि व्रत? देवापुढं शब्द दिला होता तो कुठं ठेवायचा?

"ते पिल्लू माझ्यामुळं गेलं का?"

विशाखा म्हणाली, "असेल. नसेलही. खात्रीनं नाही सांगता येत."

स्पष्ट दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. निदान प्रायश्चित्त तरी कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या अंगणात पाऊल ठेवतात तोच मागच्या खोलीतून बोका ओरडायला लागला. चाहूल ओळखायचा तो. कडुबानं धुतलेला एप्रन पुढं केला. पुढच्या खोलीचा, म्हणाला, तिथंच काढून ठेवायचा. अनसूयाबाईंनी तो चढवला, हात साबणानं धुतले आणि डोळे मिटले. पण मागायचं काय, तेच सुचेना.

त्या ठिपकीकडे गेल्या. बोटावर खाणं धरलं. ठिपकीनं हुंगलं, तोंड फिरवलं, परत हुंगलं आणि चाटलं. एकदाच. मग पुन्हा.

बोक्याचा आवाज आता चिरका झाला होता.

"येते रे, तुझ्याकडेच येते," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. पण हलल्या नाहीत. ठिपकी अजून चाटत होती.