पिस्तुलाचं कपाळ

डावा हात खिशात घालायचा. पूर्ण.

चुरमुऱ्यांची पिशवी उघडल्याचा आवाज शांत हॉलमध्ये पार भिंतीपर्यंत जातो.

जयाबाईंच्या मक्यात वानरं.

तेलात कालवलेलं कुंकू लवकर निघत नाही.

श्वास आत. अर्धा बाहेर. थांब. थांब म्हटलं ना.

रविवार कुणाचा?

*

यातला शेवटचा प्रश्न खरा. बाकीचं सगळं त्याच्यापायी घडलं.

नीलम कडोलीची सून. बेळगावात एका पतसंस्थेत कॅशियर. सहा दिवस काउंटर. सातव्या दिवशी देव्हारा, पाहुणे, मळ्यातून आलेली कोथिंबीर निवडणं आणि "आज सुट्टीच हाय की तुला" हे वाक्य.

यंदा तिनं रविवारची सकाळ उचलली आणि नेमबाजीच्या क्लबात नेऊन ठेवली. एअर पिस्तूल. दहा मीटर. छर्रा शेंगदाण्याहून लहान, आणि ज्या काळ्या ठिपक्यात तो घालायचा तो बशीहून लहान.

"बंदूक?" सासूबाई राजाबाई म्हणाल्या.

"पिस्तूल. हवेवर चालतंय. खेळ हाय ओ आत्ती."

"कुणाला मारायचं?"

"कागदाला."

"कागदानं काय केलंय तुझं?"

*

गावात बातमी गेली ती बंदूक म्हणूनच. जयाबाई दारात आल्या. "नीलम, आमच्या मक्यात वानरं पडल्यात. जरा येऊन जा की."

"काकू, माझ्यानं कागद फुटंना, वानर कुठलं?"

"मारू नगंस गं. नुसतं दाखीव. तोंड कडू करून हुबी ऱ्हा."

नीलम गेली नाही. पण नवरा सौरव दोन दिवस तिच्याशी फार नीट बोलत होता.

*

क्लबातले शिक्षक मारुतीराव. काकतीचे, फौजेतून निवृत्त. त्यांचं सगळं शिकवणं एका वाक्यात मावायचं.

"टार्गेटकडं बघू नकोस."

नळीच्या टोकाला एक काळी खुंटी असते, तिला फोरसाइट म्हणतात. डोळा तिच्यावर ठेवायचा. खुंटी स्वच्छ दिसली पाहिजे आणि टार्गेट धुरकट.

"मग नेम कसा लागायचा, सर?"

"लागतो."

"न बघता?"

"बघायचं. पण त्याच्याकडं नाही."

जिथं मारायचं तिथंच बघायचं नाही. लग्नानंतर सासरी शिकलेल्या कुठल्याही शिस्तीपेक्षा हे नीलमला अवघड गेलं. हात उचलला की डोळा सुटायचा आणि पळत जाऊन त्या काळ्या ठिपक्याला चिकटायचा. छर्रा पांढऱ्यात. पुन्हा पांढऱ्यात. एकदा शेजारणीच्या कागदावर. शेजारीण म्हणाली, थँक्यू.

*

करार भाकरी थापता थापता झाला. चुलीपुढं राजाबाई, दारात सौरव, मध्ये नीलम.

"दसरा झाला की तुझी ती स्पर्धा हाय न्हवं?"

"व्हय. क्लबातलीच हाय."

"आमी येतो बघाया. श्येवटाला आलीस की बास. ऐतवार घरचा."

"आणि न्हाय आले तर?"

राजाबाईंनी भाकरी उलटली. "तर तुझा."

सौरव म्हणाला, "आई, शेवटचं कोणतरी येणारच की."

"तेच म्हणतोय मी. कोण तेवढं बघू."

*

आता खंडेनवमी.

त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार पुजलं जातं. विळा, कोयता, कुदळ, खुरपं, मळ्यातली मोटार, सौरवचा भाजीचा टेम्पो. नीलम पतसंस्थेत होती, तिथल्या नोटा मोजायच्या मशीनला हार घालत. घरी राजाबाईंनी कपाटातून पिस्तुलाची पेटी काढली. कसलं का असेना, घरातलं हत्यार विनापूजेचं ठेवणं त्यांना जमणार नव्हतं.

अडचण एकच आली. कोयत्याला कुंकू कुठं लावायचं ते माहीत आहे. पिस्तुलाचं कपाळ कुठं?

चष्मा देव्हाऱ्यात राहिला होता. त्यांनी पिस्तूल उलटंसुलटं करून पाहिलं. टोकाला वर आलेलं काहीतरी बोटाला लागलं. तेच कपाळ.

कुंकू तेलात कालवलेलं होतं, टेम्पोसाठी.

*

स्पर्धेचा रविवार. घरची मंडळी टेम्पोतून आली. मागं रिकामे क्रेट, पुढं तिघं.

तपासणीच्या टेबलावर नीलमनं खंडेनवमीनंतर पहिल्यांदाच पेटी उघडली. हुबळीहून आलेले पंच वाकले.

"येनरी इदु?" हे काय, असं त्यांनी कानडीत विचारलं.

काळी खुंटी लालभडक झाली होती.

नीलमनं रुमाल काढला. तो खुंटीपर्यंत पोचायच्या आत मागच्या खुर्च्यांतून हाक आली.

"नीलम! पुसू नगंस!"

हॉल वळला.

"कुंकू हाय ते. आणि नवरा हितं बसलाय."

सौरवनं मान खाली घातली. रुमाल हवेत. खुंटी पुसली तर सासूदेखत, नवऱ्यासमोर, क्लबातल्या नेमबाजांच्या साक्षीनं कुंकू पुसलं. नाही पुसली तर नेम गेला, आणि नेमाबरोबर रविवार.

पंचांनी मारुतीरावांकडं पाहिलं. "खुंटीच्या रंगाबद्दल नियमात काही आहे?"

"आठवत नाही," मारुतीराव म्हणाले. पंचांच्या स्वतःच्या मोजपट्टीवर हळदीचं बोट होतं. त्यांनी पेटीवर तपासणीचा स्टिकर चिकटवला.

रुमाल खिशात गेला. पाठोपाठ डावा हात.

*

स्टार्ट.

हात वर. समोर लाल.

ठिपका शोधायला डोळा निघाला आणि लालपाशी अडकला. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटावं तसा. पलीकडचं सगळं धुरकट.

श्वास आत. अर्धा बाहेर.

मागं चुरमुऱ्यांची पिशवी उघडली. कुणीतरी श्श केलं. राजाबाईंनी त्यालाच मूठभर दिले.

लाल. टक.

लाल. टक.

मधे एकदा लाल दिसायच्या ऐवजी नीलमला सासूबाई कपाळ शोधताना दिसल्या. हसू आलं आणि तो छर्रा कुठं गेला ते देवाला ठाऊक.

लाल. टक.

साठ छर्रे संपले तेव्हा खांद्याखाली हात आहे की नाही, हे तिला बघून ठरवावं लागलं.

*

निकालाचा कागद भिंतीवर लागला. नीलमनं तो खालून वाचला. शेवटचं नाव तिचं नव्हतं. त्याच्या वरचंही नव्हतं.

"आत्ती, खालनं तिसरी."

"बायका किती हुत्या?"

"सात."

राजाबाईंनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे वरनं पाचवी. मग पाचवी म्हण की! खालनं कशाला मोजतीस, हिरीत पडल्यागत?"

"ऐतवार?"

"शबूद दिलाय मी. तुझा."

घर नाही, काउंटर नाही, कुणी हाक मारणार नाही अशी आठवड्यातली एक सकाळ आता करारानं तिची होती. मारुतीराव जवळ आले. "आज खुंटीकडं बघितलंस."

"व्हय सर."

"सात महिने घसा कोरडा केला मी."

राजाबाई त्यांच्याकडं वळल्या. पदर खोचला. "गुरुजी, ह्या खेळाला वयाची अट हाय काय?"

"किमान आहे. कमाल नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्हाला चालतंय."

"आत्ती," नीलम घाईनं म्हणाली, "ऐतवार माझा म्हणालासा न्हवं?"

"तुझाच की. मी काय घेऊन जातोय? मी तुझ्या मागं स्कूटरवर बसणार." मग मारुतीरावांना, हळू आवाजात, "दोन्ही हातांनी धरलं तर चालत न्हाय काय ओ?"

"नाही."

"बरं. डावा खिशात न्हवं? मग मला लुगड्याला खिसा लावून घ्याय पायजे."

सौरव क्रेट सारखे करायला टेम्पोकडं गेला. मंगळवारी राजाबाई शिंप्याकडं गेल्या. पुढच्या रविवारी कडोलीच्या रस्त्यानं स्कूटर निघाली ती दोघींना घेऊन, आणि बेळगावपर्यंत मागची पुढचीला सांगत होती की टार्गेटकडं बघू नकोस.

खंडेनवमीला सौरवच्या टेम्पोला कुंकू पुरलं नव्हतं; सगळं पिस्तुलाच्या कपाळावर गेलं होतं.