निर्माल्यात गेलेला नकाशा

या, जरा पुढे सरकून बसा. आज बुवा नाहीत, पेटी नाही; तरी एक गोष्ट सांगतो, कीर्तनातलं आख्यान समजून ऐका.

अमरावतीत एका कोचिंग क्लासच्या माडीवर आमचं सॉफ्टवेअरचं काम चालतं. आम्ही तिघं: मी, शालू आणि देवानंद. अकोल्याच्या एका डायलिसिस केंद्राचे निरोप आमच्या क्लाउडवरून जात. कुणाची पाळी कधी, मशीन बंद असलं तर नवी वेळ कोणती. शंभरेक पेशंट.

मी म्हणालो, "अरे देवानंद, एकच सर्व्हर ठेव. एका टाळावरही भजन होते."

"आन् तो टाळ फुटला तं, दादा? कामाचे अठरा तुकडे करतो, येगयेगळ्या सर्व्हरवर. एक पडला तं दुसरा उभा राहीन."

"शंभर पेशंटले अठरा तुकडे!" शालू म्हणाली. "वरात एवढीशी, बँड केवढा!"

तो हसला. मी हो म्हणालो.

कुठला तुकडा कशाला जोडला, हे त्याने एका मोठ्या कागदावर काढलं. दसऱ्याला पूजेत ठेवायला सर्व्हर काही ऑफिसात नव्हतेच; ते कुठेतरी दूर, क्लाउडवर. मी तो कागद पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी फुलांसोबत निर्माल्य म्हणून पाण्यात सोडून आलो.

"तुमी तं नकाशाच पाण्यात सोडला, दादा!" देवानंद म्हणाला. "जाऊ द्या, माह्या डोक्यात हाय सारा."

कार्तिकात मूर्तिजापूरजवळ त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली. तो वाचला नाही.

तीन आठवड्यांनी एक तुकडा थांबला, मागोमाग बाकीचे. कुठे हात लावावा ते आम्हाला कळेना. सकाळीच पातूरच्या वामनरावांचा फोन आला.

"काल अकोल्याले गेलतो, तं मशीन बंद. आता नवी वेळ कोनती? पाय सुजून राहिले माहे. कावून येत नाई बाप्पा तुमचे निरोप?"

शालू म्हणाली, "दादा, हे उलगडाले दोन महिने लागतीन. पेशंटची यादी केंद्राजवळ हाय. सारं पुसू आन् एकाच सर्व्हरवर मांडू. दुपारपर्यंत होते."

"त्याचं काम आहे ते, शालू."

"मले का मालूम नाई?"

पुसण्याआधी संगणकाच्या पडद्यावर आलं: खात्री असेल तर प्रकल्पाचं नाव टाइप करा. देवानंदने प्रकल्पाला स्वतःचंच नाव दिलं होतं. मी एकेक अक्षर टाइप केलं. काही वाटलं नाही. बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तशी चालली.

दुपारी वामनराव फोनवर म्हणाले, "आला बाप्पा निरोप. संध्याकाळी पाच."

नव्या सर्व्हरची माहिती एका पानात मावली. शालूने त्याच्या तीन प्रती काढल्या. एक भिंतीवर आहे. तिला मी लांबूनच हात जोडतो.

मला अजून रडू आलेलं नाही. तुम्ही भजनाला टाळ हाती घ्याल, तेव्हा एकदा आमच्या देवानंदची आठवण काढा.