कमरेचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, गाडीवर बांधून गल्लोगल्ली ओरडत फिरतो तो मी नव्हे. मी कमरेला बांधायचा, साबणाच्या डब्याएवढा, शिकवणाऱ्या माणसांचा भोंगा. खोक्यावर माझं नाव बरंच लांबलचक आणि भारदस्त छापलं होतं. पण पुढे मला वापरणाऱ्या शिक्षिका बाईंनी मला पहिल्याच दिवशी भोंगा म्हटलं आणि तेच चिकटलं.

माझे दोन भाग आहेत. एक हा काळा डबा, ज्यातून आवाज बाहेर पडतो. दुसरा नखाएवढा माईक, जो चिमट्याने कॉलरला लावतात. दोघांमध्ये वायर नाही. माईक ऐकतो आणि डबा बोलतो, मग मध्ये भिंत असो की दार. ही माझी करामत. पुढे तीच अंगाशी आली.

कारखान्यात एका कामगार बाईंनी माईकमध्ये जोरात फुंकर मारली, डब्यातून वादळासारखा आवाज निघाला, त्या समाधानाने हसल्या आणि मला खोक्यात घातलं. तिथून मी या भाषावर्गात आलो. इथे संध्याकाळी, कामावरून सुटलेली मोठी माणसं इंग्रजी शिकतात. माझे पहिले मालक इथलेच एक शिक्षक होते. दोन हिवाळे त्यांनी मला कमरेला मिरवलं. मग एका संध्याकाळी मॅनेजर म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून तुमची गरज नाही," आणि सरांनी मला टेबलाच्या खणात टाकलं ते कायमचंच. बाहेरून आलेल्या माणसाची नोकरी गेली की या देशात राहायची परवानगीही जाते. खणातला तो अंधार मला अजून आठवतो. तिथे मी घाबरायला शिकलो.

खणातून मला बाईंनी बाहेर काढलं. बाई दूर देशातून आल्या होत्या. तुमच्यातल्याच, म्हणजे घरी मराठी बोलणाऱ्या. वय चाळिशीचं, चण लहान. इंग्रजी असं शिकवत की आळशातला आळशी माणूसही तोंड उघडे. त्यांनी मला पुसलं, चार्ज केलं, माझ्या पट्ट्याला नवं बक्कल लावलं. चार वर्षं मी त्यांचा आवाज वाहिला. "बाई, तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत येतो," असं कुणी म्हणालं की त्या माझ्यावर टिचकी मारायच्या. एवढं कौतुक मला पुष्कळ होतं.

आणि मग तो आठवडा आला.

सोमवारी बाई वर्गात उभ्या राहिल्या, तोंड उघडलं आणि माझ्यातून फक्त खरखर बाहेर पडली. आधी मला वाटलं, मीच बिघडलो. बाईंनाही तसंच वाटलं. त्यांनी मला दोनदा बंद-चालू केलं, थोपटलं, कानाशी धरलं. मग पुन्हा बोलल्या आणि पुन्हा तेच. बिघाड माझ्यात नव्हता. माईक त्यांच्या गळ्याच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे छातीतली धडधडही माझ्यापर्यंत पोचते. ती एकदम वाढली.

इतकं घाबरायचं काय कारण, असं तुम्ही म्हणाल. बाईंचे वडील बाजारात लिलावाची बोली पुकारायचे. त्यांचा आवाज असाच एका सोमवारी बसला. घसा धरलाय, होईल बरा, असं सगळे म्हणत राहिले. निघाली गाठ. आधी आवाज गेला, मग वडील गेले. हे बाईंनी इथे कुणालाही सांगितलं नव्हतं. आरशासमोर गळा चाचपताना त्या एकदाच हे सगळं स्वतःशी पुटपुटल्या, शेवटी म्हणाल्या, "बाबांसारखंच," आणि माईक कॉलरलाच राहिला होता म्हणून मला कळलं.

मंगळवारी त्या डॉक्टरांकडे गेल्या. मी पिशवीत होतो. डॉक्टरांनी बारीक कॅमेरा घशात घातला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ओरडायची सवय आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "वर्गात तर मी हा भोंगा वापरते."

"घरी? कुणावर चिडणं वगैरे?"

"घरी मी एकटीच असते."

डॉक्टरांनी ते कागदावर टिपलं. मग म्हणाले, "गाठीसारखं काहीतरी दिसतंय. सूज आहे, त्यामुळे नीट कळत नाही. शनिवारी परत बघू. तोवर कमीत कमी बोला."

गाठ. हा शब्द मोठा करून सांगायला भोंगा लागत नाही. घरी येईपर्यंत बाई एकाच रस्त्याने दोनदा गेल्या आणि किल्ली चुकीच्या दाराला लावत बसल्या. खालची शेजारीण बाहेर आली तेव्हा त्यांना कळलं की आपण एक मजला आधीच थांबलोय.

आता मला तुम्हाला बाईंच्या आईबद्दल सांगायला हवं. आई दूर देशी एकट्या राहतात आणि त्यांना कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे, पण ते कानात शिट्टी वाजवतं म्हणून त्यांनी ते साखरेच्या डब्यामागे ठेवून दिलंय. मेसेज त्या वाचतात, पण त्यावर विश्वास ठेवत नाहीत. कुणीही लिहिला असेल, म्हणतात. लेकीचा आवाज ऐकला तरच लेक सुखरूप. इथे वर्गाची मधली सुट्टी होते तेव्हा तिकडे आईंची झोपायची वेळ असते. त्यामुळे बाई रोज सुट्टीत जिन्यात जाऊन फोन लावत. एखाद दिवशी फोन चुकला की आई शेजाऱ्यांची दारं वाजवून अख्खी इमारत गोळा करत.

त्या मंगळवारीही बाईंनी फोन लावलाच. त्या वेळी माझी बटणं बंद होती. जिन्याचं दार लागलं, एवढंच मला माहीत.

बुधवारी बाईंनी वर्गात जेमतेम दहा-बारा वाक्यं उच्चारली. बाकी सगळं हातवाऱ्यांनी आणि फळ्यावर. माझ्या आवाजाची चकती त्यांनी शेवटपर्यंत फिरवली होती, तरी माझ्यातून येत होतं ते कुणीतरी उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं. त्या आवाजापेक्षा मला शिव्या परवडल्या असत्या. त्यातच मॅनेजरांनी दारातून डोकावून सांगितलं, "उद्या मी तुमच्या वर्गात बसणार आहे. करार वाढवायचा की नाही ते बघायचंय." बाईंनी हसून मान हलवली. मग फळ्याकडे वळून तेच वाक्य दोनदा लिहिलं.

रात्रभर आम्हा दोघांनाही झोप नव्हती. मला एरवीही नसते म्हणा. बाई दर थोड्या वेळाने उठून "आ" म्हणून बघत होत्या, आवाज आहे की गेला ते पाहायला.

गुरुवारी घाईत माझा पट्टा तुटला. मग बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि माईक तेवढा कॉलरला लावला. मॅनेजर शेवटच्या बाकावर, हाताची घडी घालून. वर्गात एक बसड्रायव्हर आहेत. अंगाने दांडगे, इंग्रजीत लाजाळू. त्यांनी त्या दिवशी बाईंना सांभाळून घ्यायचं ठरवलं असावं, कारण बाईंनी बोट दाखवायच्या आत ते उत्तर देत होते, बहुतेक चुकीचं. तरी पहिला तास कसाबसा पार पडला. सुट्टी झाली. बाई फोन घेऊन जिन्यात गेल्या.

माईक बंद करायचं राहिलं.

वर्गातली माणसं डबे उघडत होती. एवढ्यात माझ्यातून, चकती शेवटपर्यंत फिरवलेली असताना, असा काही आवाज फुटला की कुणाच्या हातचा चमचा खाली पडला.

"आई! ऐकू येतंय का? अगं, मी! बेबी! जेवलीस का? जे-व-लीस का? औषध घेतलंस? अगं, औषध! नाही, नाही, बरी आहे मी! बरी! घसा! सर्दी झालीय, सर्दी! काही नाही झालेलं! आई, ऐक माझं!"

मी टेबलावर थडथडत होतो. वाटलं, आता फुटणार. ड्रायव्हरदादा धावत आले आणि माझं बटण शोधायला लागले, पण त्यांच्या जाड बोटांना ते सापडेना. ती भाषा तिथे कुणालाच कळत नव्हती. कुणीतरी संकटात आहे, एवढंच सगळ्यांना वाटलं. एक विद्यार्थिनी तर दाराकडे धावली. तेवढ्यात फोन संपला आणि माझ्यातून एक हुंदका आला. अगदी छोटा. पण माझ्यातून गेला की काहीच छोटं राहत नाही.

बाई दारात आल्या. सगळ्यांचे चेहरे पाहिले, मग कॉलरवरचा लाल दिवा पाहिला. त्यांनी घाईने तो बंद केला.

मॅनेजर उठल्या. "एवढा आवाज आहे," त्या म्हणाल्या, "मग माझ्या वर्गातच का नाही?"

बाईंना बोलताच येईना. आतापर्यंतचं सगळं बळ जिन्यात सांडून आल्या होत्या. खण, अंधार, बंद बटण, सगळं मला समोर दिसायला लागलं.

बाई सुट्टीत रोज आईला फोन करतात हे ड्रायव्हरदादांना ठाऊक होतं. त्यांनी चाचरत विचारलं, "बाई, आईंशी बोलत होता?"

बाईंनी मान हलवली.

"त्यांना ऐकू येत नाही?"

"कमी येतं."

"आणि रोज असं बोलता?"

"रोज," बाई पुटपुटल्या. आणि तिथेच, टेबलाचा कोपरा धरून, त्या खाली बसल्या. चार वर्षं वर्गात त्यांनी गळा जपला होता, मला कमरेला बांधून, आणि रोज मधल्या सुट्टीत तोच गळा जिन्यात नेऊन फाडला होता. ओरडता का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्या खोटं बोलल्या नव्हत्या. आईशी बोलणं म्हणजे ओरडणं, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

मॅनेजरांनी वही उचलली. "सोमवारी बोलू," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. चांगलं की वाईट, काही कळलं नाही.

शुक्रवार सगळ्यात वाईट गेला. सुट्टीत बाईंनी फोन लावला नाही. फोन लावावा तर ओरडावं लागणार, आणि उद्या तर डॉक्टर घशात बघणार. घरी आल्यावर फोन टेबलावर घरघरत राहिला. थांबायचा, पुन्हा घरघरायचा. बाई समोर खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होत्या, उचलायची भीती आणि न उचलायचीही. शेवटी त्यांनी लिहून पाठवलं, "आई, मी बरी आहे, रविवारी बोलू." उत्तर आलं, "तू कोण? माझ्या मुलीला फोनवर दे." एरवी बाई खूप हसल्या असत्या. त्या रात्री त्या डोकं टेबलावर टेकून रडल्या, तेही आवाज न करता.

शनिवारी डॉक्टरांना त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर वैतागले. "अहो, हे मंगळवारी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, ओरडता का. आईशी बोलता का, असं नाही विचारलंत."

पुन्हा कॅमेरा गेला. पिशवीत मी चार्ज असूनही गार पडलो होतो. खूप वेळाने डॉक्टर म्हणाले, "दोन्ही बाजूंना सारखंच आहे. हाताला घट्टे पडतात ना, तसे. बहुतेक ओरडूनच झालेत." बाईंनी श्वास सोडला. "पण बहुतेकच म्हणतोय हं. महिनाभर हळू बोलायचं. ओरडणं बंद म्हणजे बंद. मग परत बघू. तोवर घाबरू नका."

घाबरू नका म्हणायला काय जातं. त्या "बहुतेक"ने बाईंना अर्धा जीव परत दिला आणि उरलेला स्वतःकडे ठेवून घेतला.

रविवारी बाईंनी माझा पट्टा शिवला. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. माझी चकती थोडी वाढवली, फोन माझ्या तोंडासमोर पेल्याला टेकवून उभा केला, माईक हातात धरला आणि आईंचा नंबर लावला. आईंना ऐकू आलं नाही तर महिनाभर त्या मायलेकींचं बोलणं बंद होणार होतं.

पलीकडून आवाज आला. "कोण?"

"आई, मी," बाई शेजारच्या माणसाशी बोलावं इतक्या हळू म्हणाल्या. मी तो आवाज घेतला, होतं नव्हतं तेवढं बळ लावलं आणि फोनमध्ये घातला. "मी बेबी. दोन दिवस फोन केला नाही, रागावू नकोस. जेवलीस का?"

पलीकडे शांतता पसरली. माझी बॅटरी भरलेली होती, तरी मला वाटलं संपली.

"जेवले," आई म्हणाल्या. "अगं, आज कशी छान बोलतेयस. नीट कळतंय सगळं. रोज नुसती खेकसायचीस. मला वाटायचं, मीच तुला तिकडे जा म्हटलं ना, त्याचा राग तू माझ्यावर काढतेस."

बाईंनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"नाही गं, आई," त्या म्हणाल्या, "कधीच नव्हते रागावले." आणि मित्रांनो, ते वाक्य मी एका अक्षराचीही खरखर न होऊ देता पोचवलं. चार वर्षांत मी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच.

सोमवारी मॅनेजर काय म्हणणार, महिन्यानंतर डॉक्टरांना काय दिसणार, मला ठाऊक नाही. मला अजून भीती वाटते. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, तर लांबून ओरडू नका, जवळ जाऊन बसा. आणि जवळ जाता येत नसेल इतके लांब असाल, तर माझ्यासारखा एखादा जुना भोंगा खणात टाकू नका, चार्ज करून ठेवा.