टाकीचा श्वास

अप्पाराव गेल्यावर दोन महिन्यांनी त्याची गाडी श्वास घ्यायला लागली. दुपारी पत्रे तापले की शेडमधल्या त्या कारमधून हळूच फुस्स ऐकू यायचं, थांबायचं, परत यायचं. दिवस कलला की तोच आवाज आत ओढल्यासारखा. त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती शेडच्या दारात येऊन उभी राहिली. तिचं लहानपण वैजापूरकडं मेंढरांमागं गेलेलं. आजारी जनावराचा श्वास ती ओळखायची. हा तसाच होता.

२०१६ चा उन्हाळा. बजाजनगरातल्या त्यांच्या नव्या गल्लीत आठवड्याला पाण्याचा एक टँकर. शेजारणी म्हणाल्या, गाडी विकून टाक. तिनं ऐकलं नाही. रोज दुपारी शेडचं दार ओढून ती गाडीपाशी बसू लागली, अप्पारावाच्या फोटोपुढं दिवा लावून. गोडसर वास यायचा, डोकं जड व्हायचं, आणि तो जवळच असल्यासारखं वाटायचं.

अप्पारावाचा दोस्त बद्रीनाथ मेकॅनिक होता. उभी गाडी बिघडू नये म्हणून एका दुपारी तो आला. दार उघडताच पेट्रोलचा भपकारा आला. जळता दिवा दिसला तसा तो थिजला. मग आत जाऊन त्यानं वात चिमटीत विझवली आणि दार सताड उघडलं.

कस्तुराबाई रागावली. तिला बाहेर बसवून त्यानं समजावलं. उन्हानं टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. ती नळीनं गाडीतच बसवलेल्या कोळशाच्या डब्यात जाते, कोळसा ती धरून ठेवतो, आणि इंजिन चाललं की ते ती ओढून जाळतं. ही गाडी उभीच, म्हणून कोळसा गच्च भरला. डब्याचं हवेचं तोंडही बुजलेलं. मग टाकीचं झाकणच दुपारी वाफ सोडत होतं, संध्याकाळी हवा घेत होतं.

डब्याच्या त्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं.

"वैनी, एखाद्या दिवशी भडका उडाला असता," बद्रीनाथ म्हणाला.

"मला वाटलं, ते बोलावतेत."

तो तिच्याकडं वळला. "आन् तुम्ही जाणार होता?"

तिनं शेडमधल्या फोटोकडं पाहिलं.

त्यानं माती खरवडली, गाडी ढकलत उघड्यावर आणली, वास गेल्यावर चालू केली आणि तिला शेजारी बसवून शहरातल्या लष्करी छावणीपर्यंत नेऊन आणली.

दुसऱ्या दिवशी ती दुपारभर टाकीला कान लावून बसली. काहीच ऐकू आलं नाही. दिवस कलायच्या आत ती बद्रीनाथच्या गॅरेजवर पोचली.

"मला गाडी शिकवा," ती म्हणाली. "त्या घरात आता लई गप वाटतंय."