करंट अकाउंटवाला भाऊ

शोभाबाईंना बँक बदलायची होती आणि ती काही केल्या बदलता येत नव्हती, कारण त्या बँकेत त्यांचा भाऊ होता.

भाऊ म्हणजे सख्खा नव्हे. सख्खा भाऊ देवाने त्यांना दिलाच नाही. चार बहिणी, त्यातल्या या तिसऱ्या. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सुरतेजवळच्या डिंडोलीतल्या त्यांच्या गल्लीत कुणाकुणाचे भाऊ यायचे, बहिणींच्या पिशव्या उचलायचे, भुसावळच्या गाडीत बसवून त्यांना खानदेशात माहेरी न्यायचे. शोभाबाई त्या दिवसांत मान वर न करता शिलाई मशीन चालवायच्या. आणि भाऊबीजेला, ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं असतं, म्हणून त्यांनी लग्नानंतरची बावीस वर्षं चंद्राला ओवाळलं. डिंडोलीत बीजेचा चंद्र सापडणं हेही एक कामच. नखाएवढा तो, त्यात समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी आडवी, आणि जरा उशीर झाला की मावळलाच. एकदा ताट घेऊन खाली उतरताना त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "चंद्र काही जेवायला थांबत नाही." धुडकूअण्णा हसले होते, आणि मग हसलो म्हणून रात्रीपर्यंत ओशाळून होते.

तीन वर्षांपूर्वी कापड मार्केटातल्या शेठने सांगितलं की यापुढे मजुरी फर्मच्याच नावावर जमा होईल. शोभाबाईंची फर्म म्हणजे घराची पुढची खोली, सहा मशीन, पाच बाया आणि साड्यांना लेस लावून द्यायचं काम. फर्मचं खातं म्हणजे करंट अकाउंट, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्या उधन्याच्या एका मोठ्या खासगी बँकेत गेल्या. ओढायचं दार ढकलत बसल्या, तेव्हा गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी अडकवलेला एक तिशीतला मुलगा उठून आला आणि त्याने दार उघडलं. हा प्रशांत. त्याने फॉर्म काढला, नाव विचारलं, पत्ता विचारला, जन्मगाव विचारलं.

"पिंपळकोठा. अमळनेर तालुका," शोभाबाई म्हणाल्या.

त्याचं पेन थांबलं. "माय वो! मी बी पिंपळकोठाना शे!"

मग काय विचारता! वेस कुठली, विहीर कुठली, मारुतीच्या पाराशी दुकान कुणाचं, सगळं निघालं. आमच्या खानदेशात गावचा माणूस भेटणं ही साधी गोष्ट नाही. गावची लेक म्हणजे अख्ख्या गावाची बहीण, मग ती सुरतेत असो नाहीतर आणखी कुठे. प्रशांतने तिथल्या तिथे "ताई" म्हटलं आणि शोभाबाईंनी तो बोट ठेवील तिथे सह्या केल्या. खात्यात कायम दहा हजार ठेवावे लागतील असं तो म्हणाला होता खरा, पण त्यांच्या कानात तेव्हा पिंपळकोठाच घुमत होतं.

त्याच वर्षी भाऊबीजेला तो घरी आला. मोटरसायकल दारात लावली, पाटावर बसला. ओवाळताना शोभाबाईंनी ताट इतक्या वेळा फिरवलं की निरांजन विझता विझता राहिलं. त्याने पाकिटातून पाचशे एक रुपये ताटात घातले, खापरावरच्या तीन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि चौथीला नको नको म्हणत तीही संपवली. पुढची दोन वर्षंही आला. या तीन वर्षांत चंद्राकडे कुणी पाहिलंही नाही.

आणि बँकेने मात्र हात दाखवायला सुरुवात केली होती. दहा हजारांचे पंचवीस झाले, आणि या एप्रिलपासून पन्नास. एवढे पैसे लेस लावणाऱ्या बाईच्या खात्यात पडून राहणार कसे? शेठचे पैसे आले की पाच बायांची मजुरी, धागा, वीजबिल, की खातं रिकामं. मग दर तीन महिन्यांनी दंड, त्यावर टॅक्स, मिळून सतराशे सत्तर रुपये गपचूप कापले जायचे. हे शोधून काढलं वर्षाने. वर्षा त्यांची मुलगी, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, मैत्रिणींशी गुजरातीत आणि आईशी भांडताना सगळ्याच भाषांत बोलणारी.

"मम्मी, जो तो खरी, बघ तर! एका साडीमागे तुला सात रुपये मिळतात. म्हणजे अडीचशे साड्या तू नुसत्या या बँकेसाठी शिवतेस." तिने मोबाइल आईच्या नाकासमोर धरला. "आपल्या डिंडोलीतल्या सहकारी बँकेत दोन हजार ठेवले तरी चालतात. उद्या जा आणि खातं बंद कर."

शोभाबाई जूनमध्ये खातं बंद करायला गेल्या. "ताई आल्या, ताई आल्या" म्हणत प्रशांतने चहा मागवला, अण्णांच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि तासाभराने शोभाबाई घरी आल्या त्या पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारा डबा घेऊन. घरात गिऱ्हाईक येत नाही, येतात त्या शेठच्या साड्या. तो डबा बिचारा मशीनशेजारी मुका बसून राहिला, आणि त्याचं भाडं महिन्याला सव्वाशे. ऑगस्टमध्ये पुन्हा गेल्या, तेव्हा शंभर पानांचं चेकबुक घेऊन आल्या.

वर्षाने कपाळाला हात लावला. "बंद करायला जातेस आणि सामान घेऊन येतेस!"

धुडकूअण्णा लूमवरच्या पाळीवरून नुकतेच आले होते. मिलच्या खडखडाटात आयुष्य गेल्याने ते घरात फार बोलत नसत. ते म्हणाले, "भाऊ शे ना तो? मंग सांग ना त्याले, परवडत नही म्हनीसन."

"सांगितलं, आणि मग तो भाऊच राहिला नाही तर?" शोभाबाई म्हणाल्या.

शोभाबाईंना हिशेब कळत नव्हता असं कुणी समजू नये. सतराशे सत्तर रुपये कशाचे जातात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भाऊ खात्यामुळे आला होता. खातं गेल्यावर तो उरतो की नाही, हे बघायची त्यांची छाती होत नव्हती.

सप्टेंबरअखेर वर्षा हट्टाने सोबत गेली. प्रशांत हसत उठला आणि चहावाल्याला हाक मारणार तोच वर्षाने बंद करायचा फॉर्म टेबलावर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं.

"ताई, एवढा महिना जाऊ द्या. मी वर बोलतो, काहीतरी सूट बसवतो."

"जूनमध्येही तुम्ही हेच म्हणाला होतात, प्रशांतमामा," वर्षा म्हणाली.

तो आईकडे बघू लागला. शोभाबाई टेबलावरच्या फॉर्मकडे बघत म्हणाल्या, "नही परवडत रे भाऊ. अडीचशे साड्या जातात."

प्रशांतने फॉर्म ओढून घेतला. मागे काचेच्या खोलीत मॅनेजर उभा राहिलेला त्यालाही दिसला होता. "बरं," तो कोरड्या आवाजात म्हणाला, "मॅडम, इथे सही करा. आणि इथे कारण लिहा."

मॅडम! तीन वर्षांत पहिल्यांदा. शोभाबाईंनी सही केली. कारण वर्षाने लिहिलं. चेकबुकची पानं त्याने एकेक करून फाडली. त्या दाराशी पोचल्या तेव्हा मागून मॅनेजरचा आवाज आला, "प्रशांत, इस महीने का ये चौथा अकाउंट है. करते क्या हो तुम?" शोभाबाईंना वाटलं, परत फिरावं, फॉर्म मागून घ्यावा. राग त्यांना प्रशांतचाही आला होता आणि स्वतःचाही, आणि त्या पोराला आपल्यामुळे बोलणी बसली याचं दुःख वेगळंच. वर्षाने त्यांचा दंड धरून त्यांना रिक्षात बसवलं.

सहकारी बँकेत रांग होती. पुढे मंगलाबाई उभ्या होत्या, नवागामच्या पिठाच्या गिरणीवाल्या, कोपरापर्यंत पीठ. दोघींची तोंडओळख होती. बोलता बोलता निघालं की त्याही उधन्याच्या त्याच बँकेतून आल्या होत्या.

"जीव होत नव्हता हो माझा," मंगलाबाई म्हणाल्या. "माझा भाऊ होता तिथे. प्रशांत. दर भाऊबीजेला यायचा."

शोभाबाई म्हणाल्या, "तुमच्या गावचा?"

"नाही, माझं माहेर पाचोऱ्याचं. त्याची आत्या दिलेली आहे तिथे. पाचशे एक घालायचा, बरं का. बँकेचं पाकीट असायचं, निळं."

शोभाबाईंकडे तसली तीन पाकिटं देवघराच्या फळीवर जपून ठेवलेली होती. टोकन नंबर आला, खातं उघडलं, दोन हजार भरले, काम अर्ध्या तासात झालं. घरी आल्यावर वर्षाने वाचलेल्या पैशांचा हिशेब मांडला तेव्हा त्या हूं हूं म्हणत राहिल्या. एका दिवसात सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो किती पाटांवर बसत असेल, एवढंच त्या मोजत होत्या. आणि चौथ्या पोळीला नको म्हणायचा ते का, हेही आता कळलं होतं.

तरी भाऊबीजेला त्यांनी पुरण घातलंच. फोन करायचा नाही असं मनाशी ठरवलं होतं, आणि फोन वाजेल म्हणून तो पदराशी धरून बसल्या होत्या. बारा वाजले, तीन वाजले. दारावरून मोटरसायकल गेली की वर्षा आईकडे बघायची नाही, मुद्दाम. दिवे लागायच्या वेळेला अण्णा उठले, ताट त्यांनी स्वतः हातात घेतलं आणि म्हणाले, "चाल. टाकीमांगे जाई तो, मंग सापडाव नही."

गच्चीवर चंद्र होता. शोभाबाईंनी ओवाळलं, अक्षता टाकल्या. "हाच बरा," त्या म्हणाल्या, "याला मिनिमम बॅलन्स लागत नाही." वर्षा खळखळून हसली, आणि मग तिने पाहिलं तर आई रडत होती, पदर तोंडावर न घेता, सरळ. सतराशे सत्तर वाचल्याचं दुःख कुणाला होतं का? शोभाबाईंना झालं होतं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी वीज गेली होती. मशीन बंद, बाया जेवायला आपापल्या घरी गेलेल्या. शोभाबाई मागे चुलीवर वांगी भाजत होत्या, तर पुढच्या खोलीतून आवाज आला, "ताई, शे का घरमा?"

प्रशांत होता. साधा शर्ट, गळ्यात पट्टी नाही, हातात हेल्मेट. थोडा वाळलेला. शोभाबाई दारातच उभ्या राहिल्या आणि पहिला प्रश्न त्यांनी असा विचारला की नंतर त्यांची त्यांनाच लाज वाटली. "आता काय उघडायचंय? आमचं खातं त्या सहकारी बँकेत झालं, आता आम्ही काही घेत नाही."

"काही नाही उघडायचं," तो म्हणाला. बसायला सांगितलं नव्हतं, तरी उंबऱ्याशी बसला. "माझी बदली झाली, इच्छापोरला. आता करंट अकाउंट माझ्याकडे नाहीत."

"भाऊबीजेला वाट बघितली."

तो हेल्मेटच्या काचेवरची धूळ अंगठ्याने पुसत बसला. "ते पाकीट बँकेचं असायचं, ताई. आतले पैसेही बँकेचेच. मोठ्या सणाला दहा ग्राहकांकडे जाऊन या, असं सांगायचे. दिवाळीला पाकीट नव्हतं, आणि नुसतं यायला तोंडही नव्हतं. पन्नास हजारांचं मला आधीच माहीत होतं. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, आणि मी तो डबा गळ्यात मारला."

शोभाबाई ऐकत होत्या. बँकेत तो त्यांना तुम्ही म्हणायचा, नंतर मॅडम म्हणाला होता. पिंपळकोठ्यात धाकटा भाऊ थोरल्या बहिणीला तूच म्हणतो. राग आणावा असं त्यांना वाटलं, आणि आणायला गेल्या तर तो फारसा सापडेना.

"मग आज काय रे काढलंस?"

"दोन दिवस रजा होती, तशीच वाया चालली होती. खोलीवर एकटा बसून कंटाळलो." चुलीवरच्या वांग्याचा वास पुढच्या खोलीपर्यंत आला होता. "भूक बी लागनी. खावाले काही शे का?"

इच्छापोरहून डिंडोली म्हणजे अख्खी सुरत ओलांडून यायचं. दिवस कोणता होता? कोणताच नव्हता. ना सण, ना तिमाही, ना मार्च. शोभाबाई आत गेल्या, वांगी सोलली, ठेचलेला लसूण नि मिरची घालून भरीत केलं, तव्यावर कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी टाकली. ताट त्याच्यापुढे ठेवलं. तो मान खाली घालून खाऊ लागला, भुकेला माणूस खातो तसा, दुसरी भाकरी वाढली तेव्हा नको न म्हणता.

एक प्रश्न राहिला होता. तो विचारू नये हे शोभाबाईंना कळत होतं. थोरल्या बहिणीला शोभणारा तो प्रश्न नव्हता. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, पदर खोचला, आणि विचारलाच.

"मंगलाबाईकडे जाऊन आलास?"

"नही वो ताई," तोंडात घास असतानाच तो म्हणाला. "सरळ तुन्हाच घर उनू."

शोभाबाईंना इतका आनंद झाला, की मंगलाबाईंबद्दल वाईट वाटायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं.